गुरुवारचा नळ

नगरपालिकेची माणसं दारात दिसली तशा माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, कॉटवर आडव्या झाल्या आणि त्यांनी कण्हायला सुरुवात केली. नुकत्याच त्या ओसरीवर उभं राहून शेजारणीशी चांगल्या खणखणीत आवाजात भांडत होत्या.

पाहणीला दोघं आले होते. त्यांनी न्हाणीघर पाहिलं, गच्ची पाहिली, फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून पाहिला, तुळशीच्या कुंडीखालची थाळी पालथी घातली. कॉटवरून जमिनीपर्यंत लोंबणारी चादर मात्र कुणी उचलली नाही. म्हातारं माणूस, त्यात आजारी, उचलणार कोण? दारावर खडूनं बरोबरची खूण करून ते पुढच्या घरी गेले आणि आत्याबाई टुणकन उठून बसल्या.

मी नुकतीच कॉलेजातून आले होते, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. तशीच वाकून मी चादर वर केली. खाली हंडे, कळश्या, पिठाचा रिकामा डबा, आणि माझी लेक मुक्ता तान्ही असताना तिला ज्यात अंघोळ घालायचो तो गुलाबी टब. सगळं काठोकाठ भरलेलं. टबातल्या पाण्यात बारीक किडे वळवळत होते, वर येत होते, खाली जात होते.

गावाचं नाव सांगत नाही. मराठवाड्यातलं आहे एवढं पुरे. आमच्याकडे पाणी येत नाही, नळ येतो. "नळ आला का?" असं विचारायचं. तो कधी पाचव्या दिवशी यायचा, कधी बाराव्या, आणि कधी येणार ते देवाला ठाऊक. म्हणून आला की घरातलं जे जे पाणी धरू शकेल ते ते भरायचं. माणसाला लग्नाला यायला जमलं नाही तर "नळ येणार होता" एवढं सांगितलं तरी आमच्याकडे माफी मिळे.

त्या वर्षी पाऊस आला तसा गेला आणि मागे डेंगीचा ताप ठेवून गेला. शाळेत अर्धी बाकं रिकामी. मुक्ता तेव्हा पाचवीत होती. तीही तापली, अंगावर पुरळ उठलं, पेशी खाली आल्या, आणि डॉक्टर शमीम काझींच्या दवाखान्यात सलाईन लावून पडली. वाचली. घरी सोडताना शमीमनं मला बाजूला घेतलं. शमीम माझ्या ओळखीतली, फार न बोलणारी बाई. तिनं सांगितलं की या तापाच्या चार जाती असतात, मुक्ताला एक होऊन गेली आहे, आणि गावात आता दुसरी जात दिसायला लागली आहे.

"दुसऱ्यांदा झाला तर पहिल्यासारखा नसतो," ती म्हणाली. "तेव्हा तिला डास चावू द्यायचा नाही, एवढंच माझ्या हातात आहे. ते खरं तर तुमच्या हातात आहे."

आणि ते माझ्या हातातलं माझ्या सासूनं कॉटखाली भरून ठेवलं होतं.

मी टब उचलायला गेले तर आत्याबाई त्याच्यासमोर मांडी ठोकून बसल्या. गयाबाई त्यांचं नाव. आख्ख्या गल्लीत त्यांच्या शब्दाला कुणी विरोध करत नसे, कारण विरोध केला तर दुपार जायची. मी त्यांना किडे दाखवले, तापाचं सांगितलं, नातीची शपथ घातली. नातीवर त्यांचा जीव माझ्यापेक्षा काकणभर जास्तच, त्या दवाखान्यात रात्रंदिवस तिच्या उशाशी बसल्या होत्या. पण पाणी ओतायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"ओतलं अन् नळ नाई आला तर?" त्या म्हणाल्या. "तुझं अर्थशास्त्र पाजू का लेकराला?"

मी अर्थशास्त्र शिकवत होते, हे सांगायचं राहिलं. गावातल्याच कॉलेजात, मागणी आणि पुरवठा.

मुक्ताला मच्छरदाणीत बसवून संतापानं मी तडक शमीमच्या दवाखान्यात गेले. तिच्या खोलीत एक तरुण मुलगा लॅपटॉपसमोर डोकं धरून बसला होता. अद्वैत परुळेकर. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतून साथीचं गणित मांडायला आला होता. कुठल्या वॉर्डात किती ताप, किती घरांत अळ्या, त्यावरून पुढच्या आठवड्यात काय होईल, हे तो संगणकावर काढायचा. आणि त्याचं गणित साफ बिघडलं होतं. पाहणी सुरू झाल्यापासून, दंडाची नोटीस लागल्यापासून, अळ्या सापडणारी घरं भराभर कमी होत होती. ताप मात्र वाढतच होता. त्यानं आकडे चारदा तपासले होते. त्याला वाटत होतं, डासांत काहीतरी बदल झाला असावा.

मला हसू आलं, आणि मग ते आवरेना. शमीम माझ्याकडे बघत राहिली. मी त्याला आमच्या कॉटची गोष्ट सांगितली. मग शमीमची नर्स दारातून म्हणाली की त्यांच्याकडे धान्याच्या पोत्यांमागे पाण्याचं टिपाड, हे मोठं पत्र्याचं पिंप आहे. कंपाउंडरकडे गादीच्या कपाटात. शमीमनं नकळत मान खाली घातली आणि मला वाटतं तिच्या घरीही काहीतरी असावं.

"अहो, तुमच्या गणितातले डास हुशार आहेत," मी अद्वैतला म्हणाले, "माणसं तेवढी दगड आहेत. तुम्ही धरून चाललात की शंभरातली इतकी घरं पाणी ओततात म्हणजे ओततात. दंड लावला की माणूस पाणी ओतत नाही, लपवतो. आणि अंधारात लपवलेलं पाणी डासाला अजून आवडतं."

तो हुशार पोरगा. वाद घातला नाही, विचारलं, मग काय धरायचं? मी त्याला सांगितलं की आमच्या विषयात मोठमोठ्या लोकांनी हीच चूक केली आहे. काल माणसं कशी वागली ते पाहायचं, त्यावरून नियम करायचा, आणि नियमामुळं माणसं वेगळी वागायला लागली की तोंडात बोट घालायचं. आमच्या गावात लोक पाणी का साठवतात? तहान लागते म्हणून नव्हे. नळ कधी येईल ते ठाऊक नाही म्हणून. पंगतीत जिलबी संपत आली अशी कुजबुज झाली की ज्याला नको तोही पानात चार वाढून घेतो, आणि मग ती खरंच संपते. जिलबी सगळ्यांना पुरणार आहे याची खात्री असेल तर माणूस दोन खातो आणि उठतो.

आमच्याकडे तर त्याहून मजा होती. नळ आला की बायका प्यायचं जुनं पाणी "शिळं झालं" म्हणून गटारात ओतायच्या आणि ताजं भरायच्या. आणि मोठ्या टिपाडांच्या तळाचं पाणी अडीअडचणीला म्हणून महिनोन् महिने तसंच ठेवायच्या, वरून भरत राहायच्या. डासाला आणखी काय हवं? म्हणजे निम्मं पाणी गटारात, निम्म्यात अळ्या, आणि लाईनीच्या शेवटी असलेल्या टेकडीवरच्या वस्तीत थेंब नाही. तिथं टँकर जायचा, मनाला येईल तेव्हा.

टेकडीचं नाव घेतलं तसा अद्वैत सावरून बसला. त्यानं नकाशा उघडला. ताप दर वेळी तिथूनच सुरू होऊन आमच्या वॉर्डात उतरत होता. टँकरचं पाणी सगळ्यात जास्त दिवस साठवावं लागे ना, म्हणून. माझ्या घराच्या आणि टेकडीच्या मधे फक्त एक चढ होता. मुक्ताची शाळा त्या चढावर होती.

त्यानंतर दोनतीन दिवस तो दिसला नाही. मग एका दुपारी कॉलेजात आला, स्टाफरूममध्ये, आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला. माणसांचा नळावरचा भरवसा हाच आकडा त्यानं आता गणितात घातला होता. भरवसा थोडा वाढवला की काही होत नव्हतं. अजून वाढवला, तरी काही नाही. पाणी साठवणाऱ्या घरांची रेघ सपाट चालत होती. आणि मग एका जागी ती रेघ कड्यावरून उडी मारावी तशी सरळ खाली येत होती.

"निम्मी घरं ओततील असं होतच नाही, मॅडम," तो म्हणाला. "एक तर कुणीच नाही, नाही तर सगळे. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतोय."

मी त्या रेघेकडे बघत राहिले. असली वळणं मी खडूनं फळ्यावर काढत आले होते, दर वर्षी, तोंडपाठ. ही रेघ आमच्या गल्लीची आहे, तिच्यात माझी सासू आहे, समोरच्या घरातली दमेकरी म्हातारी आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

शमीमला वेळ दवडायचा नव्हता. ती आम्हाला घेऊन मुख्याधिकारी हंबर्डे साहेबांकडे गेली. हंबर्डे माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, ठरलं, आमच्या लाईनीला दर गुरुवारी दुपारी चारला नळ सोडू, लगेच रिक्षा फिरवून पुकारतो. मी म्हटलं, साहेब, कृपा करा, रिक्षा फिरवू नका. आमच्या गावात रिक्षा ओरडली की उद्या पाणी आहे, तर बायका समजतात की पाईप फुटला. आणि नळ आला की आहेत तेवढ्या बादल्या भरायला धावतात. पुकारा जितका मोठा तितकं साठवणं जास्त. साहेबांना राग आला, तो दिसला, पण त्यांनी तो गिळला. मग काय करायचं, म्हणाले.

त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात वॉल्व्हच्या चाव्या उभ्या होत्या. लांब लोखंडी दांडे, वर आडवी मूठ. ज्याच्या हातात ती चावी त्याच्या हातात नळ. तिच्याकडे बघत मी म्हटलं की आमच्या लाईनीची चावी बायकांना द्या. गल्लीनं निवडलेल्या बाईच्या घरी राहील. गुरुवारी चारला तीच फिरवेल.

पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर हसले. हंबर्डे हसले नाहीत.

"चावी दिली तर आमच्या हातात उरलं काय, मॅडम?"

"काही नाही, साहेब. म्हणून तर लोक ऐकतील."

इंजिनिअरांनी कारणं सांगितली: पाणी पुरणार नाही, खालची घरं टिपाडंच्या टिपाडं भरतील, टेकडीवर आजवर गेलं नाही ते काय आता जाणार. टाकी टेकडीपेक्षा उंच आहे, पाणी चढायला काही हरकत नाही, पण खाली सगळे नळ भडाभडा वाहत असताना चढणार कसं? अद्वैत म्हणाला की लोकांनी गरजेपुरतं भरलं तर पुरतं, त्यानं हिशेब केलाय. आणि लोकांनी गरजेपुरतं का भरावं? पुढच्या गुरुवारी येणार म्हणून. आणि ते त्यांना खरं कधी वाटेल? पहिल्या गुरुवारी आला तर.

शमीम तेव्हा एकच वाक्य बोलली. "पहिल्याच गुरुवारी चुकलं, तर या गावात परत कुणी कुणाचं ऐकणार नाही, आणि माझ्याकडे खाटा शिल्लक नाहीत."

हंबर्ड्यांनी चावी उचलून माझ्या हातात दिली. जड होती, मला वाटलं त्यापेक्षा पुष्कळ जड.

चावी कुणाकडे ठेवायची हे ठरवायला समाजमंदिरात बायका जमल्या. मला वाटलं होतं, बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंचं नाव येईल, नाही तर अंगणवाडीच्या ताईंचं. एकमुखानं नाव आलं गयाबाईचं. का, तर ती कुणावर विश्वास ठेवत नाही. नगरसेवक आला तरी त्याला दारातून परतवून लावते. तिला कुणी फसवू शकायचं नाही. मी कपाळाला हात लावला. गावातली सगळ्यात मोठी साठवणदार, जिच्या कॉटखाली अख्खा तलाव, तिच्या हाती मी रोगराईची किल्ली देऊन बसले होते.

आत्याबाईंनी चावी घेतली, पदरानं पुसली आणि घरी आणून देवघराच्या शेजारी उभी केली. मी त्यांना काही शिकवलं नाही, हे माझ्या हातून आयुष्यात फार कमी वेळा झालं आहे.

गुरुवार उजाडला. ठरलं असं होतं की दुपारी सगळ्यांनी साठवलेलं पाणी ओतायचं, भांडी घासून पालथी घालायची, प्यायला एक झाकलेली कळशी तेवढी ठेवायची. शमीम आणि अद्वैत टेकडीवर गेले होते. मी सुटी काढून घरी. मुक्ता समोरच्या खाटेवर मच्छरदाणीत पुस्तक घेऊन पडली होती, अजून तिच्या चेहऱ्यावर रंग आला नव्हता.

सकाळीच आत्याबाई कुणाला न सांगता बाहेर पडल्या होत्या. थेट पाण्याच्या टाकीपाशी. खाली उभं राहून त्यांनी टाकी भरून सांडताना डोळ्यांनी पाहिली, तिथल्या माणसाला चार प्रश्न विचारले, त्यातले दोन त्याच्या खानदानाबद्दल होते, आणि परत आल्या.

ऊन कलायला लागलं. गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या. कुणी बोलत नव्हतं, कुणी ओतत नव्हतं. सगळ्या आमच्या दाराकडे बघत होत्या. मला अद्वैतची ती सपाट रेघ दिसत होती. ती आता माझ्या डोळ्यांसमोर उभी होती, लुगडी नेसून, साड्या नेसून, कडेवर पोरं घेऊन, आणि एक पाऊल इकडे की तिकडे एवढाच प्रश्न होता.

आत्याबाई घरातच होत्या. मी आत गेले. त्या कॉटपाशी जमिनीवर बसल्या होत्या आणि गुलाबी टबातल्या किड्यांकडे बघत होत्या.

"माझी माय दोन कोसावरून पानी आनायची," त्या म्हणाल्या. "मी आजवर वाटीभर पानी सांडलं नाई, शैला. वाटीभर."

मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी खाटेवरच्या मुक्ताकडे पाहिलं. मग टबाला दोन्ही हात घातले. मी दुसरी बाजू धरली. दोघींनी तो उचलून दारात नेला आणि त्यांनी तो गल्लीत उलटा केला.

क्षणभर काही झालं नाही. मग समोरच्या घरातून हंडा उपडा झाल्याचा आवाज आला. मग त्याच्या शेजारी. मग एकदम सगळीकडून. कोण कुणाच्या आधी, सांगता येणार नाही. टिपाडं गडगडत उंबऱ्यांवरून खाली आली, गच्च्यांवरून पाणी कोसळलं, पोत्यांमागून, कपाटांतून, जिन्याखालून, कधी कुणाला माहीत नव्हतं अशा जागांतून पाणी निघत राहिलं. आमची ती धुळीनं भरलेली गल्ली, तिच्यातून ओढा वाहायला लागला. बायका घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या होत्या आणि रडत होत्या, हसतही होत्या. समोरची दमेकरी म्हातारी हात जोडून उभी होती, पाण्याला की कुणाला कोण जाणे. एवढं पाणी या गावात होतं? एवढी भीती या गावात भरून ठेवलेली होती?

तेवढ्यात शमीमचा टेकडीवरून फोन आला. वरून सगळं दिसतंय, म्हणाली, तुमच्या गल्ल्या उन्हात चमकतायत. इथल्या बायका कधीच्या रांगेनं उभ्या राहून खाली बघतायत. आणि आता त्यांनीही ओतायला घेतलं.

मी हादरले. टेकडीवाल्यांना ओता असं कुणी सांगितलंच नव्हतं. आधी पाणी पोचू दे, मग बघू, असं ठरलं होतं. पण त्यांनी खालचं ओतलेलं पाहिलं आणि आपापसांत ठरवलं की खालच्यांनी टिपाडं रिकामी केली याचा अर्थ यांना खरंच नळाची खात्री आहे, म्हणजे ते हावरटासारखं भरणार नाहीत, म्हणजे आपल्यापर्यंत येईल. अख्खं पुस्तक शिकवूनही जो मुद्दा माझ्या पोरांना समजत नसे, तो त्यांनी नुसतं खाली बघून ओळखला होता. मला अभिमान वाटायला हवा होता. मला भीती वाटली. आता टेकडीवर प्यायच्या पाण्याशिवाय काही नव्हतं.

चारला आत्याबाईंनी पदर खोचला, चावी खांद्यावर टाकली आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वॉल्व्हपाशी गेल्या. मागे सगळी गल्ली. चावी खड्ड्यात उतरवून त्यांनी आडव्या मुठीवर जोर दिला. फिरेना. दोघी पुढं आल्या, तिघींनी मिळून फिरवली. आधी हवा सुसाटत आली, मग खाकरल्यासारखा आवाज, आणि मग गल्लीभर एकदम नळ सुटले. बायका घरांकडे धावल्या.

आणि मग आमची चूक उघडी पडली. मुख्याधिकारी, इंजिनिअर, पुण्याचा गणिती, एक डॉक्टर आणि अर्थशास्त्राची प्राध्यापिका, इतक्यांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं की आमच्या गावात नळांना तोट्याच नाहीत. कशाला असतील? नळ बंद करण्याची वेळ कुणावर कधी आलीच नव्हती. भिंतीतून एक उघडा पाईप निघायचा, बस्स. आमच्या घरचं आठवड्याचं पाणी भरलं. शेजारचं भरलं. लोक थांबायला तयार होते, खरोखर तयार होते, आणि पाणी थांबत नव्हतं. ते भरलेल्या भांड्यांवरून, उंबऱ्यांवरून, गटारात चाललं होतं.

मी शमीमला फोन लावला. टेकडीवर थेंब नव्हता. नळातून हवा येतेय, म्हणाली, नुसती हवा. मुख्य वॉल्व्ह बंद करावा तर टेकडीच तुटते, तिची लाईन याच वॉल्व्हच्या पुढं. मी ओसरीवर येऊन आत्याबाईंना हे सांगितलं. सगळं जमलं होतं आणि एका तोटीपायी जाणार होतं.

आत्याबाईंनी नळाकडे पाहिलं. मग सरळ पुढं होऊन त्यांनी पाईपाच्या तोंडावर तळहात दाबला. पाणी बोटांच्या फटींतून फवारलं, त्यांचं तोंड भिजलं, लुगडं भिजलं. त्यांनी दुसरा हात वरून दाबला. पाणी थांबलं.

"कामून बघायलात?" त्या गल्लीकडे तोंड करून ओरडल्या. "दाबा नळ. टेकडीला जाऊ द्या."

ते सांगणं गल्लीतून पुढं पुढं गेलं, एका दारातून दुसऱ्या दारात. कुणी चिंधीचा बोळा कोंबला, कुणी मक्याचं दाणे काढलेलं कणीस, कुणी पोळपाट लावून त्याला पाठ टेकून बसली. पण बहुतेक सगळ्या नुसत्या हात लावून उभ्या होत्या. पुढच्या गल्लीतही, त्याच्या पुढच्याही. ज्या गावात पहाटे नळासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या जात, तिथं दारादारांत बायका वाहत्या नळावर तळहात दाबून उभ्या होत्या, ज्यांना कधी पाहिलं नव्हतं अशा लोकांकडे पाणी जावं म्हणून. आवाज हळूहळू कमी होत गेला. कसला कायदा होता तो, कुणी लावला होता? मी माझ्या विषयाची पुस्तकं आयुष्यभर वाचली, पण असं काही डोळ्यांनी पाहीन असं मला वाटलं नव्हतं. मला कुणाच्या तरी पाया पडावंसं वाटत होतं आणि कुणाच्या ते कळत नव्हतं.

नंतरचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. पुढच्या आठवड्यात लोहाराकडून, हार्डवेअरच्या दुकानातून, मिळतील तिथून तोट्या आणून लोकांनी लावल्या. काहीच केलं नाही तर ताप तिप्पट होईल, असं अद्वैतनं आधी मांडलं होतं, ती रेघ खरी झालीच नाही. पेपरात कुणीतरी छापलं की पुण्याच्या तज्ज्ञाचं भाकीत फसलं. ते कात्रण त्यानं फ्रेम करून ठेवलं आहे. मुक्ताला दुसरा ताप आला नाही. ती आता माझ्यापेक्षा उंच आहे आणि मला उलटून बोलते.

पण त्या संध्याकाळी हे काहीच ठाऊक नव्हतं. मी भिजलेल्या ओसरीवर फोन हातात घेऊन उभी होते. मी धरते म्हटलं तरी आत्याबाई नळ सोडेनात. मुक्ता उठून आली आणि त्यांच्या हातांवर तिनं आपले हात ठेवले.

फोन वाजला. शमीमच होती. मी काय झालं विचारलं. मग खरखर झाली, तिनं फोन कशाच्या तरी जवळ नेला असावा, आणि मला आवाज आला. रिकाम्या हंड्यात पाणी पडताना जो घुमतो तो. भोवती कितीतरी बायकांचा गलका होता. हंडा भरत आला तसा पाण्याचा आवाज चढत गेला.

मी फोन आत्याबाईंच्या कानाला लावला. त्यांनी नळावरचे हात न काढता मान तिरकी केली आणि ऐकलं.

"टेकडी?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

त्या ऐकतच राहिल्या. मग शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तशा मोठ्यानं फोनमध्ये बोलल्या.

"भरलं की हात लावा गं नळाला. सगळं नका भरून ठेवू. पुढच्या गुरुवारी येनारच हाय."